गोगलगायीची घाई

तिला गोगलगाय हे नाव पहिल्यांदा तिच्या बाबांनी ठेवलं. बाबा बसचे ड्रायव्हर. जेवायला बसताना घड्याळ बघायचे, उठतानाही बघायचे, आणि मधे कुणी बोलायला लागलं तर त्याच्याकडे न बघता घड्याळाकडेच बघायचे. अशा माणसाच्या पोटी आलेली मुलगी मात्र बुटाची एक नाडी बांधून झाली की दुसरीकडे वळायच्या आधी पहिलीकडे पुन्हा एकदा नजर टाकणारी. "आटप गं, गोगलगाय," हे तिनं लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की खरं नाव घेऊन कुणी हाक मारली तर ती दचकायची. पुढे ती इंजिनिअर झाली, नोकरीला लागली, आणि तिथल्या लोकांनीही तिच्या बाबांना न विचारता तेच नाव ठेवलं. दोन ठिकाणच्या माणसांना एकच नाव सुचतं तेव्हा त्यात काही तथ्य असतंच. तिलाही त्याचं वाईट वाटायचं नाही. पोटात पाय आहेत ना, मग बाहेर कशाला दाखवायचे, असं म्हणून ती आपल्या कामाला लागायची.

गंमत अशी, की ही बाई नोकरी करायची ती सगळ्यात घाईच्या जागी. भलीमोठी गोल इमारत. तिच्या पोटात तशीच गोल, पोकळ नळी. त्या नळीतून विजेचे कण प्रकाशाच्या वेगाला जवळजवळ शिवत गरागरा फिरत असायचे आणि वळता वळता क्ष-किरण सोडायचे. दवाखान्यातला एक्स-रे त्यापुढे म्हणजे सूर्यापुढे काजवा. हे किरण इमारतीच्या कडेकडेच्या खोल्यांत आणायचे, त्यांच्या वाटेत वस्तू ठेवायची आणि तिच्या आत काय आहे ते पाहायचं, असा सगळा उद्योग.

गोगलगायीची खोली शिशाच्या भिंतींची. मधोमध तळहाताएवढं फिरतं टेबल, त्यावर वस्तू, मागे कॅमेरा. टेबल किंचित वळवायचं, थांबवायचं, थरथर विरेपर्यंत कळ काढायची, फोटो घ्यायचा, पुन्हा किंचित वळवायचं. असं करत अर्धा फेरा पुरा झाला की हजारभर फोटो जमायचे, आणि त्यांतून संगणक त्या वस्तूचं आतलं रूप उभं करायचा. केसाच्या विसाव्या भागाएवढी बारीक भेगसुद्धा त्यात दिसायची. या सगळ्याला पाऊण तास लागायचा आणि तेवढा वेळ किरण त्या वस्तूवर अखंड पडत राहायचे. दगड असो, धातू असो, जुनं हाड असो, कुणाची तक्रार नसायची. दगडाकडे पाऊण तास बघितलं काय आणि दिवसभर बघितलं काय, त्याचं काही जात नाही.

तक्रार आली ती झाडवालीकडून. ही दुसऱ्या गावच्या संस्थेतली संशोधक. चहाच्या कपाएवढ्या कुंड्यांतून रोपं घेऊन यायची, खोड पेन्सिलीएवढं, वर पाच-सहा पानं. झाड तहानलं की त्याच्या खोडातल्या बारीक नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात. बुडबुडा शिरला की ती नळी बाद. झाड बाहेरून हिरवंगार दिसत असतं आणि आतून एकेक नळी मिटत जाते. हा बुडबुडा कसा पसरतो, आणि पाणी मिळाल्यावर झाड त्याला हटवू शकतं का, एवढं तिला पाहायचं होतं. पण पाऊण तासात बुडबुडा कुठल्या कुठे सरकलेला असायचा, चित्रात सगळा धुरळा. आणि रोप घरी नेलं की चार दिवसांत वाळून जायचं, पाणी घातलं तरी. कारण त्याला तहानेनं नव्हे, किरणांनी मारलेलं असायचं.

तिसऱ्या खेपेला ती वाळकी कुंडी परत घेऊन आली, टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, झाड तहानेनं कसं मरतं ते बघायला मी इथे येते. तुमच्याकडे ते बघण्यानंच मरतं."

गोगलगायीला हे फार लागलं. आपण काहीतरी पाहतो आहोत असं तिला इतकी वर्षं वाटत होतं, आणि ही बाई सांगत होती की तुम्ही मारता. त्या दिवशी तिनं डबा उघडला आणि तसाच बंद केला.

त्यात आणखी एक घोळ होता. ती गोल इमारत मोठ्या दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद व्हायची होती आणि प्रमुख नव्या खोलीचा आराखडा करत होते. प्रमुख म्हणजे माणूस सरळ, पण एकदा हात पोळलेला. कुणाच्या तरी कुंडीतलं पाणी झिरपून एक मोलाचा कॅमेरा गेला होता आणि त्याची उत्तरं त्यांना द्यावी लागली होती. तेव्हापासून ते ताकसुद्धा फुंकून पीत. नव्या खोलीत ओली आणि जिवंत वस्तू येणार नाही, दगडधातू काय ते आणा, असं त्यांनी ठरवलं होतं. गोगलगाय त्यांच्याकडे गेली आणि बंद होण्याआधी झाडवालीला एक शेवटची खेप द्या म्हणाली. चित्र स्वच्छ आलं आणि रोप जगलं, तर नव्या खोलीत जिवंत वस्तूंना जागा ठेवायची. नाही जगलं, तर ती पुन्हा हा विषय काढणार नव्हती. प्रमुखांनी थोडा विचार करून हो म्हटलं. ही हरणार याची त्यांना खात्री असावी, पण हो म्हटलं हे खरं.

किरण कमी वेळ पडावेत म्हणून वेग वाढवायचा म्हटल्यावर जो तो आपापला घोडा पुढे दामटायला लागला. कुणी म्हणालं किरण आणखी प्रखर करा, म्हणजे रोप आणखी लवकर मरेल. कुणी म्हणालं महागातला कॅमेरा आणा. गोगलगाय आपली टेबलासमोर स्टूल टाकून बसली आणि ते कसं चालतं ते नुसती बघत राहिली. बघता बघता तिच्या ध्यानात आलं, की पाऊण तासातला बहुतेक वेळ टेबल थांबण्यात आणि थरथर विरण्याची वाट बघण्यात जातो. फोटोला असा वेळ लागतच नाही. तेव्हा थांबूच नये. टेबल एकसारखं फिरत राहावं आणि ठरावीक कोनावर आलं की त्यानंच कॅमेऱ्याला खूण करावी. हा काही तिचा शोध नव्हता. इतर ठिकाणी टेबलं अशी फिरतच होती. पण शेजारणीची चूल पेटली म्हणून आपली पेटत नाही. आपली आपल्यालाच फुंकावी लागते. संगणकवाल्याला हाताशी धरून ती महिनोन् महिने फुंकत बसली.

पहिल्यांदा रोप ठेवलं तेव्हा तर फजितीच झाली. टेबल आजवर अर्धा फेरा जाऊन उलटं माघारी यायचं, त्यामुळे कुंडीतला ओलावा मोजायची तार आणि पाण्याची बारीक नळी अर्ध्या फेऱ्यापुरती सैल ठेवायची खोलीतल्या सगळ्यांची सवय होती. हात आपोआप तेवढीच सैल सोडायचे. गोगलगायीनंही तेवढीच सोडली. टेबल पहिल्यांदाच एका दिशेनं फिरत राहिलं, नळी कुंडीला गुंडाळत गेली, आणि काय होतंय ते कळेपर्यंत रोप मुळासकट उपटून जमिनीवर. प्रमुख आत आले, फरशीवरच्या मातीकडे बघितलं आणि शेतीला सुरुवात झाली का, एवढंच विचारून निघून गेले. तिनं माती भरली, फरशी पुसली. त्यानंतर नळी नाही आणि तारही नाही. कुंडी पाणी पिऊन येईल आणि कोरडी फिरेल, असं ठरलं.

दुसरी अडचण अशी सहज पुसण्यासारखी नव्हती. टाचणी ठेवली, चित्र लख्ख. पेन्सिल ठेवली, लाकडाची रेषान् रेषा दिसली. रोप ठेवलं की पुन्हा धुरळा. टेबल झपकन वेग घ्यायचं, पानं वाऱ्यात सापडल्यासारखी मागे पडायची आणि त्यांच्याबरोबर खोड हलायचं. डोळ्यांना दिसणार नाही एवढंच, पण केसाचा विसावा भाग पाहायचा तर तेवढं पुष्कळ झालं. संगणकवाला म्हणाला पानं कापा. झाडवालीनं फोनवर सांगितलं की झाड पाणी ओढतं ते पानांच्या जोरावर. पानं कापली तर तहान कसली आणि बुडबुडा कसला. पानांवर पिशवी घातली तरी तेच, पाणी ओढणं थांबतं. इमारत बंद व्हायचे दिवस जवळ येत चालले होते आणि गोगलगाय रोज संध्याकाळी तोच धुरळा बघून घरी जात होती.

एका सुटीच्या दिवशी ती बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली. बाबांचे गुडघे आता बोलायला लागले होते, चालताना तिलाच त्यांच्यासाठी थांबावं लागायचं. जन्मभर आटप म्हणणाऱ्या माणसाला ती कधी आटपा म्हणाली नाही, हा तिचा मोठेपणा. बसमध्ये जागा मिळेपर्यंत ते दांडा धरून उभे होते. ड्रायव्हर पोरगेला होता. त्यानं गाडी अशी काही झटक्यानं काढली, की बाबा तिच्या अंगावर आणि ती खिडकीवर. बाबा असे संतापले, की पुढच्या दोन थांब्यांपर्यंत अख्ख्या बसनं व्याख्यान ऐकलं.

"पळव की, पळवायला कोण नको म्हणतंय? मीही पळवायचो. पण आधी गाडी उचलायची, माणसांना कळू न देता. एकदा सगळी सावरून उभी राहिली, की मग हाण. माझ्या गाडीत उभा माणूस कधी पडला नाही."

ते खरं होतं. लहानपणी बाबांच्या बसमधून जाताना गाडी कधी सुटली हे तिला बाहेरची झाडं मागे जायला लागल्यावर कळायचं. घरात सगळ्यांच्या मागे काठी घेऊन लागणारा हा माणूस गाडीवर बसला की इतका हळुवार कसा होतो, याचं तिला तेव्हा नवल वाटायचं. आता ती दांडा धरून तशीच उभी राहिली. जागा झाली होती ती बाबांनी दोनदा सांगितलं तेव्हा तिला दिसली.

दुसऱ्या दिवशी ती प्रमुखांपुढे उभी राहिली. टेबल अगदी संथ सुरू करायचं, फिरतंय हे पानांनासुद्धा कळू नये इतकं. मग हळूहळू वेग वाढवत न्यायचा. पानं एका बाजूला कलतील, कलू देत. एकदा कलली आणि तशीच राहिली की खोड हलणार नाही. तेवढा वेळ किरणांच्या वाटेतलं शटर बंद. सगळं सावरलं की शटर उघडायचं, एक अर्धा फेरा, बंद. या खटाटोपाला वीस-पंचवीस मिनिटं लागतील, असं तिनं सांगितलं.

प्रमुखांनी चष्मा काढून ठेवला. "तुम्ही वेग वाढवणार होता, आणि आता सुरू व्हायलाच एवढा वेळ मागताय?"

"सर, झाडाला घड्याळ कळत नाही. किरण कळतात," ती म्हणाली. "किरण किती वेळ पडले तेवढंच मोजा."

प्रमुखांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, करून बघा. मात्र रोप झाडवालीनं न्यायचं नाही, इथेच खिडकीत राहील, आणि आराखडा पाठवायच्या दिवशी ते स्वतः येऊन बघतील. जिवंत म्हणजे जिवंत. गोगलगायीनं मान्य केलं.

शेवटच्या खेपेला झाडवाली सकाळी आली. रोपाला पुरेसं तहानलेलं ठेवलं होतं, पानं नुकती मान टाकायला लागली होती. गोगलगायीनं कुंडी बसवली आणि नेहमीप्रमाणे खोलीचे चारही कोपरे बघून, आत कुणी नाही याची खात्री करून मग शिशाचं दार लावलं. तिच्या या फेरीची सगळे थट्टा करायचे, त्या दिवशी कुणी केली नाही. टेबल सुरू झालं. पडद्यावर कुंडी दिसत होती आणि ती फिरतेय असं कुणी शपथेवर सांगितलं नसतं. झाडवाली हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसली होती. प्रमुख घड्याळ बघत होते. कुंडीनं वेग घेतला, पानं एका बाजूला झुकली आणि झुकलेलीच राहिली. प्रमुखांना जांभई आली. जांभई संपवून त्यांनी विचारलं, की आता सुरू कधी करणार?

"झालं, सर," ती म्हणाली.

संगणक चित्र उभं करेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग पडद्यावर खोडाचा आडवा काप आला. चाळणीसारखी नळ्यांची वर्तुळं, भरलेल्या राखाडी आणि त्यांत तीन काळ्याभोर. बुडबुडे. काठ इतके स्वच्छ, की बोटानं गिरवावेत. झाडवालीनं खरंच बोट पुढे नेलं आणि काचेला न लावता मागे घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं तेव्हा काळ्या नळ्या पाच झाल्या होत्या. मग रोपाला पाणी पाजलं, बराच वेळ जाऊ दिला आणि पुन्हा पाहिलं. एका काळ्या नळीच्या आतल्या भिंतीवर बारीक थेंब जमले होते, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जमतात तसे. झाड नळी पुन्हा भरायला निघालं होतं. चार वर्षं जे बघायला झाडवाली येत होती ते हेच. ती रडली, आणि गोगलगायीनं तिला रडू दिलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. दहा-बारा दिवसांनी रोपाची पानं गळायला लागली. पहिलं पडलं तेव्हा तिनं ते उचलून कुंडीतच ठेवलं. मग एकेक करत सगळी गेली आणि खिडकीत नुसती काडी उरली. येणारे-जाणारे तिच्याकडे बघून मान हलवायचे. संगणकवाल्यानं कुणी बघत नाही असं पाहून कुंडी पडद्याआड सरकवली, तिनं ती पुन्हा उजेडात आणली. झाडवालीचा फोन आला. "राहू द्या ताई. चित्रं मिळाली, तेच पुष्कळ आहे." आवाजात समजूत होती, आणि ती समजूतच गोगलगायीला नको होती. चित्रं मिळाली आणि रोप मेलं, तर आधीच्या तीन खेपांत आणि या खेपेत फरक काय राहिला? तिनं नखानं काडीची साल तीळभर खरवडली. खाली ओलसर हिरवं होतं. फक्त तेवढंच होतं, पण होतं. आता गोल इमारत बंद पडलेली, आत डोकवायला किरण नाहीत. बाहेरून वाट बघणं एवढंच हातात, आणि त्या कामात तिचा हात कुणी धरला नसता. रोज सकाळी कुंडीत बोट खुपसून ओल बघायची, लागेल तेवढंच पाणी घालायची. घरी आली की बाबा विचारायचे, उठलं का? ती म्हणायची, नाही. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच.

आराखडा पाठवायचा दिवस आला. सकाळी ती खिडकीशी गेली, सवयीनं बोट मातीकडे नेलं आणि मधेच थांबली. काडीच्या वरच्या पेराला एक फुगवटा होता. तांदळाच्या कणीएवढा, टोकाला फाकलेला, आत पोपटी रंग. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बघून झाल्यावर पुन्हा एकदा बघितलं. मग कुंडी उचलायला गेली आणि तिनं हात मागे घेतला, कारण धक्का लागला असता. मग ती पळाली.

बाई पळाली म्हणजे काय, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या टाकत खाली, पुढे लांबलचक बोळ, एक चप्पल मधेच सुटली ती तिथेच. लोक दारांतून बाहेर आले. गोगलगाय पळताना पाहिलेली माणसं आजही ते सांगतात आणि ऐकणाऱ्यांना खोटं वाटतं. प्रमुखांच्या दारात पोचली तेव्हा तिला श्वास पुरेना. आग लागली असं समजून ते ताडकन उठले. तिनं नुसती मान हलवली, मग हातानं चला म्हणून खूण केली, आणि ते निघाले. वाटेत तिची चप्पल त्यांनीच उचलून आणली.

खिडकीशी ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि चष्मा कपाळावर सरकवून त्या कणीकडे बघत राहिले. बघायला इतका वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग कंबर सरळ करत म्हणाले, "म्हणजे नव्या खोलीत पाण्याचा नळ काढावा लागणार."

"काढा," ती म्हणाली. अजून धापच लागत होती. "पण टेबलाला नळी लावू नका."

संध्याकाळी तिनं बाबांना सगळं सांगितलं. कोंब आला ते सांगितलं, आराखड्यात जागा झाली ते सांगितलं, झाडवाली फोनवर हसत होती की रडत होती ते कळलं नाही, तेही सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, पण त्यांचं मन दुसरीकडेच अडकलं होतं. तू पळालीस, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि दोनदा खात्री करून घेतली. मग बराच वेळ ते आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत बसले.

"पडली नाहीस ना कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि त्या दिवशी जेवायला बसताना त्यांनी घड्याळ बघितलं नाही.